रंगभवन ते रेसकोर्स: मुंबईचे रॉक शो, बिद्रीहून निघणाऱ्यांसाठी

बिद्रीतून बोलतोय. मागून घरघर ऐकू येतेय ती उसाच्या ट्रॅक्टरांची. कारखान्याचा हंगाम सुरू आहे आणि आमच्या रेकॉर्डिंगसाठी तो थांबणार नाही. (वाचणाऱ्यांसाठी: हा त्याच भागाचा लिहून काढलेला मजकूर. अडखळणं, खोकणं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय. ‘दादा, मुंबईत रॉकचा लाइव्ह शो बघायचाय. कुठं जायचं? किती पैसे लागतात? आपल्यासारख्याला आत घेतात का?’ शेवटचा प्रश्न ऐकून हसू आलं, पण खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. कारण मुंबईतल्या रॉकचा इतिहास म्हणजे कुठला बँड भारी वाजवायचा याची यादी नाही. वाजवायला जागा कुणी दिली, ती जागा कधी गेली, आणि प्रत्येक वेळी जागा बदलली तेव्हा आत कोण बसलं नि बाहेर कोण राहिलं, त्याची ती गोष्ट आहे. म्हणून आजचा भाग गाईड पण आहे आणि इतिहास पण. जागेजागेनं जाऊ.

सुरुवात थोडक्यात उरकतो. मुंबईच्या हॉटेलांत पाश्चात्त्य संगीत वाजायचं ते जॅझच्या काळापासून, आणि वाजवणारे बरेचसे गोव्याचे. चिक चॉकलेट या नावानं गाजलेला ट्रम्पेटवाला मूळचा आंतोनियो झेवियर वाझ. हीच माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसायची. म्हणजे आपल्या आजोबांनी रेडिओवर ऐकलेल्या गाण्यातला तो झकास ट्रम्पेट कुठून आला, हे तुम्हाला कळलं असेल.

मग बीटल्सचा काळ आला आणि साठच्या दशकाच्या शेवटी कॉलेजच्या पोरांनी गिटारी हातात घेतल्या. आता गंमत बघा, या पोरांना पहिला मोठा मंच दिला तो एका सिगारेटनं. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटची जाहिरात म्हणून ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा निघाली. देशभरातून बँड यायचे, माटुंगा-किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात वाजवायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या. त्या मूळ तबकड्या हातात असलेला माणूस आज त्या सहजासहजी विकत नाही. षण्मुखानंद म्हणजे शास्त्रीय गायनाचं घर. त्याच मंचावर लांब केसांची पोरं विजेच्या गिटारी घेऊन उभी राहिली. पैसा मात्र तंबाखूचा.

त्याच सुमाराला कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचा एक डिस्कोथेक होता. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते. त्यांनी इथल्या शास्त्रीय आणि सिनेमातल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ साली, म्हणजे ४३ वर्षांनी. आणि त्याच मुक्कामात एका रात्री ही दोघं स्लिप डिस्कमध्ये गेली आणि तिथल्या पोरांबरोबर वाजवायला लागली. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडचा गिटारवाला कुलाब्यातल्या एका खोलीत, समोर मूठभर माणसं. तिकीट नाही, जाहिरात नाही.

१९८० च्या मार्चमध्ये ‘द पोलीस’ हा बँड मुंबईत वाजवून गेला, तो कुलाब्याच्याच टोकाला होमी भाभा सभागृहात. आयोजक कोण? ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’, समाजकार्यासाठी पैसे उभे करणाऱ्या प्रतिष्ठित बायकांची संस्था. म्हणजे आपल्याकडं महिला मंडळ हळदीकुंकू ठेवतं तसा त्यांनी रॉक शो ठेवला! त्या बँडचा गायक स्टिंग. पुढं २०२४ च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईत गायला, महालक्ष्मी रेसकोर्सवर. या दोन जागा लक्षात ठेवा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हे सगळं कुलाबा, चर्चगेट, इंग्रजी बोलणारी माणसं. आपलं त्यात काय? थांबा. आता ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याच्यासाठीच खरं तर मी हा भाग करायला घेतला.

नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे, मराठी रंगभूमीवरचं नावाजलेलं जोडपं, त्यांचा हा मुलगा. घरात नाटक. पोरगा मात्र रॉक गायला लागला. ‘वेल्वेट फॉग’सारख्या मुंबईच्या बँडमध्ये गायला. १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतावरचं नाटक मुंबईत केलं, त्यात नंदू भेंडेंनी ज्यूडस उभा केला. येशूला पकडून देणारा तो ज्यूडस. नाटकातली सगळ्यात अवघड, गळा फाडून गायची भूमिका हीच.

तिथंच थांबले असते तर ते ‘टाऊन’च्या इंग्रजी नाटकातले एक गायक राहिले असते. पण १९७८ साली पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मूळ नाटक जर्मन, ब्रेख्तचं, १९२८ सालचं. पुलंनी ते उचलून थेट आपल्या तमाशाच्या आणि संगीत नाटकाच्या मातीत आणलं. आणि त्याच्या संगीतात काय काय होतं ऐका: नाट्यगीताची चाल आहे, लावणीचा ठेका आहे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून रॉक पण आहे. संगीताची जबाबदारी भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे या तिघांनी मिळून उचलली. रंगमंचावर एकीकडं चंद्रकांत काळे, माधुरी पुरंदरे असे आपल्या परंपरेतून आलेले गळे, आणि दुसरीकडं नंदू भेंडे आपल्या रॉकच्या आवाजात मराठी गाताहेत.

मला हे फार मोठं वाटतं. रॉक म्हणजे इंग्लिश मीडियमवाल्यांची मक्तेदारी, असं म्हणणारे आपल्यातलेच खूप असतात. रॉकवाले पण म्हणतात आणि रॉकला नाकं मुरडणारे पण म्हणतात. त्या दोघांनाही पुलंच्या नाटकानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय, आणि तेही नाटकाच्या थिएटरात, नऊवारीतल्या आज्यांच्या समोर. नंदू भेंडे २०१४ च्या एप्रिलमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, पण माझ्या वयाच्या किती जणांना ते कोण होते हे माहीत होतं? यूट्यूबवर जाऊन शोधा. हा भाग संपल्यावर शोधा, आत्ता नको!

तर आता रंगभवन.

हे नाव तुम्ही ऐकलंय, पण बहुतेक वेगळ्या कारणानं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गल्लीत शहीद झाले, ती रंगभवनची गल्ली. कामा हॉस्पिटलला लागून. बातम्यांत ते नाव इतक्या वेळा आलं की ज्या रंगभवनावरून गल्लीला नाव पडलं ते काय होतं, हा प्रश्नच मागे पडला.

धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघड्यावरचं सरकारी नाट्यगृह म्हणजे रंगभवन. वर छप्पर नाही, समोर मंच, आकाशाखाली बसायचं. व्हीटीहून चालत जाता येतं, चर्चगेटहून पण चालत जाता येतं. म्हणजे लोकलच्या पासवर फिरणारा डोंबिवलीचा पोरगा आणि बोरिवलीची पोरगी, दोघांच्याही आवाक्यात. जागेची निम्मी किंमत ही असते: परत जायला शेवटची लोकल मिळते का?

१९७८ साली तिथं ‘जॅझ यात्रा’ भरली, निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं. जगभरचे जॅझवाले त्या मंचावर येऊन गेले. आणि १९८६ च्या स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर फरहाद वाडिया यांनी तिथं ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. पोरांच्या तोंडी त्याचं ‘आय-रॉक’ झालं. मोठ्या परदेशी नावांची गरजच नव्हती. आपल्याकडचेच कॉलेजचे बँड, एकामागून एक, आणि समोर काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरं. ऑगस्टचा महिना आणि वर छप्पर नाही, म्हणजे पावसात भिजत. गणपतीच्या मिरवणुकीत भिजून नाचलेल्या कोल्हापूरकराला यात काय मजा, हे समजावून सांगायची गरज नाही.

त्या मंचावर एक भांडण वर्षानुवर्षं चाललं. समोरच्या पोरांना हवी असायची ओळखीची गाणी: परदेशी बँडची, जशीच्या तशी. दुसऱ्याची गाणी वाजवण्याला तिकडं ‘कव्हर’ म्हणतात. आणि बँडला वाजवायची असायची स्वतःची. ‘रॉक मशीन’ नावाच्या बँडनं इथं बाजी मारली. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. १९८८ साली त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढं त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, आणि १९९३ साली एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान त्यांच्या व्हिडिओला मिळाला. इथं ऑर्केस्ट्रातल्या गायकांनी जरा कान द्या. दुसऱ्याचं गाणं हुबेहूब गाणं ही कला आहेच, टाळ्या पण त्यालाच जास्त पडतात. पण चाळीस वर्षांनी नाव कुणाचं घेतोय आपण?

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लहान गावाची आहे. १९९३ साली या सगळ्या बँडची दखल घेणारं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं मासिक सुरू झालं. मुंबईतून नाही, दिल्लीतून नाही. अलाहाबादमधून! अमित सैगल आणि शेना सैगल यांनी सुरू केलं. संगमावरच्या गावात बसून त्यांनी देशभरच्या रॉकवाल्यांना एकमेकांचे पत्ते दिले. बिद्रीतून पॉडकास्ट करणाऱ्याला कुणी हसलं की मी मनात अलाहाबाद म्हणतो.

मग रंगभवनचं झालं काय?

कायदा झाला. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथं दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आता रंगभवनचे शेजारी मोजा: एका अंगाला झेवियर्स, जवळच कामा आणि जीटी ही दोन हॉस्पिटलं. साधं दोन माणसांचं बोलणंच ६० डेसिबलच्या आसपास असतं. रॉकच्या मंचासमोर १०० च्या वर जातो आवाज. आणि डेसिबलचा हिशोब साधा नसतो, दर १० डेसिबलला आवाजाची ताकद १० पट होते. ६० वरून १०० म्हणजे चार उड्या, म्हणजे १० हजार पट. नियम आल्यावर काही वर्षांतच रंगभवनचे मोठे कार्यक्रम बंद पडले. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानाकडं गेला, इकडं-तिकडं फिरला, २०१३ नंतर थांबला. २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा एकदा भरला.

मी धोबी तलावला मुद्दाम गेलो होतो. गेट बंद होतं. बाहेर उभा राहून बघितलं तर मेट्रो सिनेमाच्या चौकातल्या गाड्यांचे हॉर्न चालूच होते. त्यांचं डेसिबल कोण मोजतंय कुणास ठाऊक.

पण मी इथं कुणाची एक बाजू घेऊन ओरडणार नाही. कारण हाच नियम, हेच १० वाजता बंद, हीच भांडणं आपण दर गणपतीला डॉल्बीवरून घालतो. माझ्या घरातच दोन पक्ष आहेत. शेजारी बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, तर छातीत धडधडणारा तो आवाज म्हणजे मारच. कामा हे बायका-मुलांचं हॉस्पिटल. तिथल्या बाईला रॉक नको असेल तर तिचं चूक नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आवाज हलवायला सांगितला, ठीक. पण त्या बदल्यात तशीच जागा, स्टेशनजवळची, सरकारी, कॉलेजच्या पोराला परवडणारी, दुसरीकडं बांधून दिली का? नाही दिली. चूक तिथं झाली.

(जाता जाता: आपण मोठ्या स्पीकरला ‘डॉल्बी’ म्हणतो ना, ते नाव ज्या रे डॉल्बींचं, त्यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायचं यंत्र विकायला. आवाज वाढवायला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आपलं नाव कशाला लागलंय हे त्यांना कळलं असतं तर!)

एक जागा गेली की काय जातं, हे कोल्हापूरला सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ सालचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. ते काही विटा-लाकडासाठी नव्हतं. शंभर वर्षं ज्याला गावात काही करून दाखवायचंय त्यानं जिथं जायचं, ते ठिकाण गेलं होतं. मुंबईच्या रॉकवाल्यांचं रंगभवन तसंच गेलं, फक्त आग न लागता. त्यामुळं रडायला कुणी जमलं नाही.

आता त्याच नियमात एक फट होती. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, पण बंदिस्त जागेला सूट. सभागृह, हॉल, चार भिंतींच्या आतलं चालतं. मग रॉक कुठं गेला असेल? चार भिंतींच्या आत! जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हिनोसेरॉस’सारख्या क्लबात बँड आधीपासून वाजवत होतेच. आता मुंबईत मोठ्या भिंती कुठं रिकाम्या पडल्या होत्या? गिरणगावात.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. कोकण, सातारा, सांगली आणि आपलं कोल्हापूर, इथल्या किती घरांतला माणूस त्यात होता, तुमच्या आजीला विचारा. संप कधी नीट मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आणि त्या जागांवर पंचवीस वर्षांनी काय उभं राहिलं? २००६ साली वरळीच्या बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक कॅफे. २००७ च्या डिसेंबरात लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’.

ब्लू फ्रॉग ही संगीतासाठीच बांधलेली जागा होती, कुठंही बसलं तरी आवाज नीट यावा अशी. शहरातला जवळजवळ प्रत्येक चांगला बँड तिथं वाजवून गेला. २०१६ साली ते बंद झालं. संगीतासाठी त्यांनी केलं ते उत्तमच केलं. पण दारातून आत जायचं तर खिशात जेवढे पैसे लागायचे, तेवढ्यात त्याच गिरणीतल्या कामगाराचा एके काळी महिन्याचा खानावळीचा हिशोब भागला असता, असं मला नेहमी वाटतं. आणि गिरणगावात लाइव्ह संगीत काही नवं नव्हतं. लालबाग-परळच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख मैदानात उभे राहून गायचे, माइक असो नसो. भोंगा वाजला की पाळी सुटायची आणि माणसं थेट गाणं ऐकायला. तिथलं गाणं थांबलं नाही, ऐकणारे तेवढे बदलले.

क्लबांचं एक सांगतो, हे गाईड म्हणून सांगतोय, हसण्यावारी नेऊ नका. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्याच कमला मिल आवारातल्या एका पबला आग लागून १४ माणसं गेली. क्लबात शिरलात की आधी बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे ते बघा, मग मंच बघा.

तिसरी जागा म्हणजे मोठी मैदानं. ती परदेशी कलाकारांसाठी उघडली. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सन आला. तो रॉकवाला नव्हे, पण एवढा मोठा शो मुंबईत होऊ शकतो हे त्यानं दाखवलं. शिव उद्योग सेनेसाठीचा कार्यक्रम होता तो, आणि त्याच्या करमणूक कराच्या माफीचं घोंगडं तब्बल २०२१ पर्यंत भिजत पडलं होतं! २००३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर. २००७ साली पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलात. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडननं आपला जागतिक दौराच तिथून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला जगभर घेऊन फिरला तो हाच दौरा. २०१९ च्या डिसेंबरात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू. २०२५ च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे, मे महिन्यात तिथंच गन्स अँड रोझेस.

नावं वाचून छाती फुगते. पण २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले डी. वाय. पाटीलला वाजवून गेले तेव्हा तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती, आणि ती काढायला एक कोटीहून जास्त माणसं मोबाइल हातात धरून ऑनलाइन रांगेत उभी होती. त्यातला एक मी. हातात काहीच आलं नाही. होमी भाभा सभागृहातल्या स्टिंगपासून रेसकोर्सवरच्या स्टिंगपर्यंत हा फरक पडला बघा: मंच मोठा होत गेला आणि मंचापासून आपण लांब होत गेलो. मागच्या कोपऱ्यातून माणूस दिसतो अंगठ्याएवढा, बाकी सगळं पडद्यावर. त्यापेक्षा खासबागेत कुस्ती बरी दिसते, कुठंही बसा.

मग जायचं कुठं? मला विचाराल तर पहिला शो स्टेडियमचा करू नका. लोअर परळ-महालक्ष्मीकडच्या छोट्या जागांत, कॉलेजच्या फेस्टिव्हलांत आपल्याकडचे बँड वाजवतात, तिथून सुरू करा. तिकीट स्टेडियमच्या मानानं किरकोळ आणि ड्रमवाल्याचा घाम दिसतो. मराठी ऐकायचं असेल तर ‘अभंग रिपोस्ट’ शोधा. तुकोबांचे अभंग गिटार आणि ड्रमवर. वारीतल्या टाळमृदंगाचा ठेका अंगात असलेल्याला ते लगेच लागतं. डोक्यात हातोडा हवा असेल तर मुंबईचा मेटल बँड आहे, नावच ‘भयानक मौत’. आणि मुंबई लांब वाटत असेल तर पुणं बघा. २०१० च्या डिसेंबरात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ पुण्यातच सुरू झाला आणि त्यानं दाखवून दिलं की बँडना मुंबईबाहेर पण गर्दी मिळते.

वय किती लागतं ते तिकिटावर आधी वाचा. दारू विकणाऱ्या जागेत २१ किंवा २५ च्या आतल्यांना बरेचदा दारातूनच परत पाठवतात. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवा. मेडिकलमधून फोमचे कानातले बोळे घ्या, स्वस्त मिळतात. लाजू नका, वाजवणारे स्वतः घालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीय, ती पण कान वाचावेत म्हणूनच. बोळे घातल्यावर गाणं कमी होत नाही, उलट शब्द कळतात. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर समजा, जास्त झालं.

आता जाण्या-येण्याचं. गारगोटी-कोल्हापूर एसटीनं कोल्हापूर, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी. नेरूळला जायचं तर तिथूनच हार्बरची लोकल, डी. वाय. पाटील स्टेशनहून फार लांब नाही. रेसकोर्सला महालक्ष्मी स्टेशन. दिवसभर हाताशी असेल तर सीएसएमटीहून चालत धोबी तलावला जा, रंगभवनची गल्ली बघा, करकरे-कामटे-साळसकरांना नमस्कार करा.

परतीची अडचण मात्र आहे, तिकीट काढायच्या आधीच लक्षात घ्या. उघड्यावरचे शो १० ला बंद होतात. महालक्ष्मी मुंबईतून सुटते साडेआठच्या आत. म्हणजे तुमचा आवडता बँड मंचावर येईल तेव्हा तुमची गाडी दादरच्या पुढं गेलेली असेल. मुक्कामाची सोय करून ठेवा, मामा, मावशी, गावातलं कुणी लालबागला असेल तर आधी फोन करा. सकाळी पावणेनऊच्या आसपास कोयना एक्स्प्रेस आहे, ती रात्री कोल्हापूरला पोचवते. वेळा बदलतात, ॲपवर बघून घ्या. आणि कोल्हापूरला उतरल्यावर गारगोटीची शेवटची एसटी गेली असेल तर ज्याच्याकडं गाडी आहे त्या मित्राला शोला बरोबर न नेता गावातच ठेवा.